सोबत : काचेचे दोन तुकडे

विषय : दुसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीऐवजी तळमजल्यावरील रिकामी खोली मिळण्याबाबत.
संदर्भ : भाडेकरूचा अर्ज, त्यावरची चार स्मरणपत्रं आणि मी.

मी एक काचेची पट्टी बोलतेय. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. सध्या दोन तुकड्यांत आहे, पण हकिगत एकच आहे.

जन्मानं मी खिडकीची काच. तावदानं बसवून झाल्यावर काचवाल्याकडे जो तुकडा उरला, त्यातून माझी मोठी बहीण एका साहेबांच्या फोटोवर गेली. साहेब भिंतीवर असेपर्यंत तिची नोकरी पक्की. मला इमारतींच्या मंडळाच्या ओव्हरसियरनं पिशवीत टाकलं.

ज्या भिंतीला तडा गेलाय तिच्यावर, तड्याला आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर थापून मला बसवतात. तडा रुंदावला तर मी तुटते, नाही तर राहते तशीच. थोडक्यात, मोडणं हेच माझं काम. बाकीच्यांना मोडल्यावर कामावरून काढतात. माझं काम तेव्हा कुठे पूर्ण होतं.

कोपऱ्याच्या त्या खोलीत माणसं दोनच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, सगळ्यांचे काका. निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात त्यांची डावी बाजू गेली, ती परत आली नाही. आणि काकू. काकांना खाली न्यायचं तर चार माणसं आणि एक खुर्ची लागे, म्हणून त्यांनी तळमजल्याच्या खोलीसाठी अर्ज केला होता. मंडळानं उत्तर दिलं की भाडेकरूची प्रकृती हे खोली बदलण्याचं कारण नियमात बसत नाही; खोली राहण्यास अयोग्य असल्यास विचार करता येईल. म्हणजे माणूस निम्मा निकामी झालेला चालतो, भिंत झालेली हवी.

काकांच्या पलंगाला लागून भिंतीत एक तडा होता. त्यावर मी बसले. ओव्हरसियरनं माझ्यावर तारीख घातली आणि बजावलं, "तुटली तर कळवा. हात मात्र लावू नका."

पहिल्या आठवड्यात बाळ बघायला यावं तसे शेजारी मला बघून गेले. काकू रोज फडक्याच्या टोकानं माझ्यावरची धूळ अशा हळुवारपणे टिपत की त्यांना मी तुटायला हवी आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. काका पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत. तीन महिने मी काहीच केलं नाही.

मग एका मंगळवारी, सकाळी पावणेअकराला, जमीन हलली.

आधी फळीवरची भांडी वाजली. वरच्या मजल्यावरचे मास्तर ओरडले, "कोण पलंग सरकवतंय रे?" आणि उत्तराची वाट न पाहता जिन्याकडे धावले. मग अख्खी इमारत उतरली. समोरचे विमा एजंट अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत निघाले. त्यातही त्यांनी दाराला कुलूप लावलं, आणि अर्ध्या जिन्यातून ते ओढून बघायला परत आले. दुसऱ्यांदा उतरेपर्यंत भूकंप संपलेला होता.

काकू स्वयंपाकाच्या ओट्याशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला, सांडशीनं दुधाचं पातेलं उचललं आणि त्या गेल्या.

काका पलंगावर. मी भिंतीवर. एकमेकांकडे पाहत राहिलो. भिंत माझ्या पाठीशी थरथरली आणि थांबली. मी शाबूत होते. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला वाचता येईना.

पाच-सहा मिनिटांनी काकू आल्या. हातात पातेलं तसंच. त्या दारात थांबल्या. काका म्हणाले, "गॅस बंद केलास ना?"

"केला."



दुपारी मास्तर समाचाराला आले. धक्का आपल्यालाच सगळ्यांत आधी कळला, असं खाली जमलेला प्रत्येक जण दुसऱ्याला पटवत होता म्हणे. मग कुणाच्या तरी फोनवर बातमी आली की धक्का सौम्य होता, तेव्हा मंडळी जरा नाराजच झाली. एवढं धावल्यावर निदान मध्यम तरी म्हणायला हवं होतं, असं एजंटचं मत पडलं. आणि मग मास्तर कौतुकानं म्हणाले, "काकू मात्र कमाल हो. भरलेलं पातेलं घेऊन दोन जिने उतरल्या, थेंब सांडला नाही. मीच शेवटी विचारलं, अहो, काका कुठायत?"

मास्तर मनानं चांगले आहेत. अशा माणसांना काय बोलू नये ते कधीच कळत नाही.

त्या दिवसापासून काकूंनी उंबरा ओलांडणं सोडलं. भाजी शेजारणीला सांगू लागल्या, औषधं मास्तरांना. दिवसभर पलंगाच्या कडेला बसून राहत. काका म्हणत, "जरा खाली जाऊन ये, पाय मोकळे होतील." त्या म्हणत, "नको." काकांनी उशी मागितली की त्या दोन आणत. दूध घेणं बंद झालं. चहा कोरा होऊ लागला. काका तो मुकाट्यानं पीत.

शुक्रवारी काकू आंघोळीला गेल्या. हल्ली तेवढाच वेळ त्या नजरेआड असत. काकांनी पलंगाच्या उशाशी टांगलेली काठी उजव्या हातानं ओढली. चालायला म्हणून आणलेली, चालण्यासाठी कधीच न वापरलेली. पहिला घाव प्लास्टरवर बसला. दुसराही. छत्तीस वर्षं 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिणारा तो हात थांबला आणि तिसऱ्यांदा उठला.

मी मोडले. ज्या एका कामासाठी मला ठेवलं होतं ते खोट्यानं झालं.

काकू ओल्या केसांनी बाहेर आल्या. मला पाहिलं, मग काकांच्या अंगावर आडवी पडलेली काठी पाहिली.

"कधी तुटली?"

"मंगळवारच्या धक्क्यानं."

"मंगळवारी मी पाहिली होती. धड होती."

"नीट पाहिली नसशील."

काकूंनी ओले केस पदरानं टिपले. मग म्हणाल्या, "नसेन." चादरीवरचा काचेचा चुरा त्यांनी ओल्या फडक्यानं टिपून घेतला आणि काठी उचलून जागच्या जागी टांगली.

दहा दिवसांनी ओव्हरसियर आला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून मला पाहिलं. तड्यानं तुटलेली काच सरळ रेघेत तुटते. माझ्या मधोमध कोळ्याचं जाळं उमटलं होतं, आणि शेजारी प्लास्टरला दोन खड्डे. तो कागद काढून विचारू लागला. धक्का किती वाजता बसला. पट्टी तुटताना कोणी पाहिली. आणि मग मान वर न करता, "त्या वेळी खोलीत कोण कोण होतं?"

 पदराचं टोक बोटाला गुंडाळत काकू ओट्याकडे पाहू लागल्या.

"आम्ही दोघं," काका म्हणाले.

"काकू पण?"

"लिहा. ही माझ्याजवळच बसली होती. हात धरून."

ओव्हरसियरनं क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि लिहिलं. काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

त्यानं मला छिन्नीनं सोडवलं, दोन्ही तुकडे पाकिटात घातले आणि माझ्या जागी नवी पट्टी बसवून तिच्यावर तारीख घातली. "मी नियमाबाहेर काही लिहू शकत नाही काका," तो म्हणाला. "अजून तीन महिने बघावं लागेल."

"बघा," काका म्हणाले.

तो जिना उतरत असताना पाकिटात मला मागून आणखी कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला. सावकाश, कठड्याला धरून उतरणारा. खाली पोचल्यावर काकूंनी त्याला विचारलं, डेअरी या वेळी उघडी असते का.

त्यानंतर मी फायलीत आहे. तीन महिने होऊन गेले, त्यावरही पाच झाले. नवी पट्टी शाबूत असल्याचं ओव्हरसियरनं कळवलं आहे. फाईल ज्या टेबलावर होती तिथल्या बाबूंची बदली झाली. नव्या बाबूंनी मला टाचणीनं टोचून पाहिलं आणि पाकिटावर 'काच, जपून' असं लिहिलं. तळमजल्याच्या खोलीला कुलूप आहे. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.