सकाळी दहाची संध्याकाळ

या, थोडं पुढं सरकून बसा, म्हणजे आवाज चढवावा लागणार नाही. आज राजाराणीची गोष्ट नाही. सुईच्या टोकाएवढी बारीक गोष्ट आहे, एका शिवणाऱ्या बाईची आणि तिच्या म्हाताऱ्या बापाची. पण मन लावून ऐकलीत तर घरी जाताना सोबत येईल, एवढं नक्की.

"सूर्य अजून वीतभर खाली घ्या!" सहदिग्दर्शिका लुपे ओरडली.

वर फळीवर बसलेल्या माणसानं मोठा दिवा वाकवला. खिडकीबाहेरच्या पडद्यावर रंगवलेलं आकाश केशरी झालं, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर लांब सावल्या पडल्या, आणि लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे दहा वाजलेले असताना त्या गोदामाएवढ्या स्टुडिओत शुक्रवारची संध्याकाळ झाली.

शिफ्रा कोपऱ्यात स्टुलावर बसून एका निळ्या झग्याच्या किनारीला टीप घालत होती. तीन वर्षं ती या खोट्या घरात काम करत होती. इथला जिना चौदा पायऱ्या चढून हवेत संपायचा. स्वयंपाकघराचं दार उघडलं की मागे दोरखंड आणि पंखे. तरी कधी कधी सुई थांबायची आणि तिला वाटायचं, आत्ता वरून कुणीतरी चपला वाजवत खाली येईल आणि विचारेल, अजून मेणबत्त्या नाही का लावल्या?

मालिकेचं नाव होतं 'शुक्रवारी सगळे'. बेकरीवाल्या एका ज्यू कुटुंबाची गोष्ट, हसवता हसवता डोळे ओले करणारी. त्यातली मिनी मुलगा म्हणून वाढली होती, आणि चाळिशीत एके दिवशी कणीक मळता मळता तिनं घरात सांगितलं होतं की मी बाई आहे. तेव्हापासून भाऊ योना रागारागानं पीठ आपटत होता आणि आजोबा फक्त पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी बोलत होते. लोक खदखदून हसायचे. शिफ्रा मात्र मिनीला धाकट्या बहिणीसारखी जपायची. तिच्या प्रत्येक झग्याला ती आतून एक खिसा शिवायची. कॅमेऱ्यात तो दिसत नसे. पण आयुष्यभर खिशात हात घालून उभं राहिलेल्या माणसाचे हात एकाएकी कुठं जाणार? हे शिफ्राला माहीत होतं, कारण ती स्वतः त्याच वाटेनं आली होती.

तिनं घरी सांगितलं तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. तिच्या सांगण्यावर कुणी हसलं नव्हतं, की पीठही आपटलं नव्हतं. आधीचं नाव इथं घ्यायचं कारण नाही; तिनं ते घडी घालून ठेवून दिलं. नवं नाव तिनं बापाच्या आईचं घेतलं. पोलंडमधल्या लोज शहरात ती आजीसुद्धा लोकांचे कपडे शिवायची.

बाप झेलिग वाइनट्राउब हा हजान, म्हणजे प्रार्थनामंदिरात सगळ्यांच्या वतीनं देवापुढं गाणारा. शहरातल्या फेअरफॅक्स भागातल्या एका छोट्या मंदिरात तो एकेचाळीस वर्षं गायला. प्रवचनसुद्धा गाऊनच सांगायचा. त्याचं एक प्रवचन फार गाजलेलं: आंधळ्या बापाकडं लेकरू दुसऱ्याचे कपडे घालून आशीर्वादाला येतं, बाप ते हात चाचपून बघतो, आणि तरी फसतो. तिथं झेलिगचा आवाज इतका खाली यायचा की बायका ओढणीचं टोक तोंडात धरायच्या. छोट्या शिफ्राला वाटायचं, आवाज संपला तर आपण सगळे अंधारात पडू.

दर शुक्रवारी संध्याकाळी, ज्यूंचा आठवड्याचा पवित्र दिवस सुरू होताना, मेणबत्त्या लागल्या की झेलिग दोन्ही लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद गायचा. मुलीसाठी ज्यूंच्या चार आदिमातांची नावं घ्यायची, मुलग्यासाठी धर्मग्रंथातल्या दोन भावांची, आणि मग दोघांनाही तोच तीन ओळींचा जुना आशीर्वाद. शिफ्राच्या डोक्यावर दोन भोवरे होते. बापाचं बोट त्यावरून फिरायचं आणि तो म्हणायचा, "न्हावी गोंधळेल बघ, विंचरायला सुरुवात कुठून करू म्हणून!"

शिफ्रा म्हणून ती पहिल्यांदा घरी आली त्या शुक्रवारी झेलिगनं थोरल्या लेकीला, एस्तेरला, आशीर्वाद दिला आणि मग तो हिच्याकडं वळला. हात वर गेले. आणि तिथंच राहिले. चार नावं की दोन? देवापुढं खोटं बोलायचं नाही, आणि खरं काय ते त्याला उमगत नव्हतं. मग ते दोन हात खाली आले आणि वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचे तुकडे करायला लागले. "जेवा, सूप निवतंय," एवढंच तो म्हणाला. पुढच्या शुक्रवारपासून तो एस्तेरला शिफ्रा यायच्या आधीच, स्वयंपाकघरात, हळू आवाजात आशीर्वाद देऊन मोकळा होऊ लागला. कुणाचं मन दुखू नये म्हणून. अशी अकरा वर्षं गेली. शिफ्रानं एकही शुक्रवार चुकवला नाही. सूप नेहमी गरम असायचं.

आणि आता मालिकेतल्या आजोबांचं काम करणारा नट कमरेच्या ऑपरेशननं अंथरुणाला खिळला होता. आशीर्वादाच्या प्रसंगाला गाता येणारा म्हातारा हवा होता, आणि एस्तेरनं कुणालाही न विचारता बापाचं नाव कळवून टाकलं होतं. कामाच्या यादीत ते नाव शिफ्रानं दोनदा वाचलं. आणि आजोबांचा कोट तिनं माप न घेताच तयार केला. डाव्या बाजूला, आतून, चष्म्याचा खिसा. त्याला तिथंच लागतो.

कोट घालताना झेलिगनं अस्तरावरून हात फिरवला, खिशापाशी थांबला. "कुणी शिवला?"

"आमच्या शिवणाऱ्या बाईंनी," लुपे म्हणाली. लुपे मेक्सिकन आईबापांची लेक, आवाज घंटेसारखा.

"बरा शिवलाय," तो म्हणाला. आणि मग काठी आपटून: "हे बघ बाई, आधीच सांगतो. नाटकात मी देवाचं नाव घेणार नाही. त्या जागी 'हाशेम' म्हणेन."

"हाशेम म्हणजे काय, आजोबा?"

"म्हणजे नुसतं 'ते नाव'. शिकवताना, तालमीत, गप्पांत आम्ही असंच म्हणतो. खरं नाव फक्त खऱ्या प्रार्थनेत. खोट्या टेबलापाशी, खोट्या नातीला खरा आशीर्वाद द्यायचा म्हणजे देवाला नाटकात उभं करणं."

"माझी आजी पण अशीच होती," लुपे हसली. "देव्हाऱ्यापुढं शिटीसुद्धा वाजवू द्यायची नाही. तुम्हाला जमेल तसं म्हणा."

टेबलाभोवती पाहुणे म्हणून झेलिगच्या मंदिरातली चार म्हातारी माणसं बसवली होती. त्यांत मिसेस ग्लूकमन. तिची जीभ कात्रीसारखी. "हा पाव बघा," ती पावावर नख वाजवत म्हणाली, "वार्निश लावलंय वार्निश! माझ्या सुनेच्या पावासारखाच दिसतो."

तेवढ्यात निरोप आला. मिनीचं काम करणाऱ्या नटीचा केसांचा टोप बसत नव्हता. अर्धा तास लागणार. प्रकाश लावताना तिच्या जागी बसणारी मुलगी हायवेवर अडकलेली. लुपेनं इकडं तिकडं पाहिलं.

"शिफ्रा! तुझी उंची तेवढीच आहे ना? बस की जरा मिनीच्या खुर्चीत. दिवे लावून होऊ देत."

"मी? अगं, अंगावर टाचण्या आहेत माझ्या."

"कॅमेरा कुठं चालू आहे? बस गं, पाच मिनिटं."

शिफ्रा बसली. अंगात कामाचा ॲप्रन, छातीवर टाचण्यांची रांग, पिकलेले आखूड केस उघडे. समोर दोन मेणबत्त्या लागल्या. केशरी उजेड गालावर आला आणि तिला कळेना, हे कोणतं घर, कोणता शुक्रवार. सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू हललं. कुणीतरी बापाला कोपराला धरून आणत होतं. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात दिव्यांचा झोत. तो डोळे मिचकावत येत होता, जसा माणूस धुक्यातून येतो.

"आजोबा, ही नुसती तालीम," लुपे म्हणाली. "मिनी पुढ्यात आहे. हात ठेवा आणि म्हणा."

झेलिगनं काठी टेबलाला टेकवली. दोन्ही हात वर केले. आणि ते हात हवेतच राहिले.

शिफ्रानं मान खाली घातली होती. तरी ते हात तिला दिसत होते. अकरा वर्षं ती मनात रोज ते बघत आली होती. ती मनात म्हणाली, आता पाव कापेल. पण पाव तर लाकडासारखा कडक.

"ओळ विसरलात का? सांगू?" लुपेनं हळूच विचारलं.

"ओळ मला पोटातून येते, बाई. जरा थांब."

हात खाली आले. थंड, सालपटासारखे हलके. टाळूवर टेकले, आणि उजव्या हाताचं बोट, कुणी न सांगता, केसांतून फिरत मागं गेलं. एक भोवरा. थांबलं. मग दुसरा.

स्टुडिओत पंखा तेवढा घुमत होता. झेलिगनं श्वास घेतला तो शिफ्राला डोक्यावर जाणवला. तिला वाटलं, आता हात उचलेल. उचलू दे. मी उठून सुई हातात घेईन.

आणि तो गायला लागला. आवाज म्हातारा, कडेला फाटलेला, पण सूर जिथल्या तिथं. चार नावं. एकेक आदिमाता त्यानं अशी हाक मारून बोलावली की जणू त्या चौघी त्या खोट्या जिन्यावरून पदर सावरत उतरताहेत. मग तीन ओळींचा जुना आशीर्वाद सुरू झाला, आणि पहिल्याच ओळीत, जिथं 'हाशेम' यायचं, तिथं झेलिगनं खरं नाव घेतलं.

"आमेन!"

चारही म्हातारे बोलून गेले. तालमीत पाहुण्यांनी तोंड उघडायचं नाही असं दहादा बजावलेलं. पण ते नाव कानावर पडल्यावर ज्यू माणूस गप्प कसा बसेल? दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच नाव. पुन्हा आमेन. तिसऱ्या ओळीत आवाज खाली आला, पार खाली, आणि शेवटचा शब्द शांततेत असा विरघळला की वर फळीवरच्या माणसानं टोपी काढली. का काढली, त्यालाही सांगता आलं नसतं.

झेलिगनं हात काढले नाहीत.

"झकास!" लुपे म्हणाली. "पण पाहुणे मंडळी, तुम्ही नाही हं बोलायचं. काय झालं काय तुम्हाला?"

मिसेस ग्लूकमन नाक पुसत होती. "आम्हाला काय होणार? त्यालाच विचार!" मग झेलिगकडं वळून: "काय रे, चळलास का म्हातारपणी? तालमीत खरं नाव? एकेचाळीस वर्षांत कधी चुकला नाहीस! तुझ्या त्या प्रवचनातल्या आंधळ्या बापासारखा फसलास की!"

"तो फसला होता, ग्लूकमनबाई," झेलिग म्हणाला. "मी नाही."

त्यानं काठी चाचपली. जाता जाता शिफ्राच्या खांद्यावरची एक सुटलेली टाचणी त्याच्या बोटाला लागली. ती त्यानं काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"सांभाळ. कुणाला तरी टोचेल," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "उद्या शुक्रवार. लवकर ये, एस्तेरबरोबरच ये."

"येते, टाटे," शिफ्रा म्हणाली. लहानपणापासून ती बापाला टाटेच म्हणायची.

अर्ध्या तासानं नटी आली, निळा झगा घालून, आणि प्रसंग चित्रित झाला. नऊ वेळा करावा लागला. कधी मेणबत्ती विझली, कधी वरून विमान गेलं. नऊही वेळा झेलिगनं 'हाशेम' म्हटलं. एकदाही चुकला नाही. शिफ्रा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मोजत होती.

त्यानंतरचे सतरा शुक्रवार दोघी बहिणी मेणबत्त्यांपुढं शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अठराव्या शुक्रवारी झेलिगची खुर्ची रिकामी होती. हिवाळ्यात, झोपेतच, तो गेला.

तो भाग वसंतात एका रविवारी दाखवला गेला. एस्तेरच्या घरी सगळे टीव्हीपुढं बसले. पडद्यावर केशरी उजेड आला, बापाचे हात आले, मिनीच्या डोक्यावर टेकले. बाजूला बसलेले शेजारी डोळे टिपत म्हणाले, "काय आशीर्वाद दिलाय! असं वाटतं, खरंच."

शिफ्रानं नकळत मान किंचित खाली घातली होती. पडद्यावर बाप 'हाशेम' म्हणाला. त्यावर आमेन म्हणायचं नसतं, आणि ती म्हणाली नाही. दोन्ही हात झग्याच्या खिशांत घालून ती ऐकत राहिली. त्या तालमीचं चित्रण कुणाकडेच नव्हतं. तेव्हा कॅमेरा बंद होता; फक्त दिवे लावत होते.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी लेकराच्या डोक्यावर हात ठेवाल तेव्हा घाई करू नका. बोट जरा केसांतून फिरू द्या. आणि अकरा वर्षं ज्याचे हात हवेत राहिले, त्या झेलिग हजानाची एकदा आठवण काढा.