पोटदुखीची बाई

नाडी सापडत नव्हती — गाउनच्या पाठीमागची, मधली. वरची मानेशी बांधून झाली होती, खालची कमरेशी, पण मधली कुठेतरी काखेत गुंडाळून बसली होती, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन ती पडद्याआड स्वतःभोवतीच गिरक्या घेत होती, मांजर शेपटीच्या मागे लागतं तशी. शेवटी तिने नाद सोडला. नाडी डॉक्टरांनीच शोधायची असते, असा एक विनोद तिला सुचला, आणि तो सांगायला इथे मराठी कळणारं कुणी नाही याचं तिला खरोखरीच वाईट वाटलं... परदेशात आल्यापासून असे कितीतरी विनोद वाया गेले होते.

शेजारच्या पडद्याआडून खोकल्याची उबळ आली. तो तिचा सहकारी, निवृत्त पोस्टमन, इथलाच. वैद्यकीय कॉलेजच्या या लांबलचक खोलीत सगळ्यांची ओळख दुखण्यावरून होई — तो खोकला, त्याच्या पलीकडे छाती, दाराजवळ चक्कर, आणि ती पोटदुखी. होऊ घातलेल्या डॉक्टरांनी खऱ्या माणसांना हात लावण्याआधी या पगारी रोग्यांना लावून बघायचा, अशी सोय. ती आली होती मातीचं शास्त्र शिकायला. पण विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला ठरावीक तासच काम करता येतं, तास वाढले की गाशा गुंडाळायचा. आणि एवढ्याशा तासांत खोलीचं भाडं निघेल असं काम हेच. म्हणजे सरकारने तिला मोजून कण्हायची परवानगी दिली होती, त्यापुढे दुखलं तर ते स्वतःच्या जबाबदारीवर.

घरी तिने 'हॉस्पिटलात काम मिळालं' एवढंच कळवलं होतं. आईने तेवढ्यावर तिला निम्मी डॉक्टर करून टाकली, आणि बिल्डिंगमधले लोक रिपोर्टांचे फोटो पाठवायला लागले. अहो, मातीत नत्र किती ते मी सांगेन, तुमच्या रक्तात साखर किती ते मला काय विचारता... पण असं म्हणायची सोय नव्हती. ती हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी होई.

काम मिळालं ते काकूमुळे, हे मात्र काकूलाही ठाऊक नव्हतं. आईबाबांच्या बदल्या होत राहायच्या म्हणून शाळेची सगळी वर्षं ती काकूकडे राहिली, आणि काकूचं दुखणं ऐकत वाढली. नुसतं 'दुखतं' म्हणणं काकूला कमीपणाचं वाटे. तिच्या पोटात कळ यायची, मुरडा पडायचा, पाठीत चमक निघायची, गुडघे ठणकायचे, टाच ठसठसायची, डोकं भणभणायचं. प्रत्येकाचा सूर वेगळा, बसायची ढब वेगळी. इथले विद्यार्थी विचारायचे, दहापैकी किती दुखतं? काकू असती तर म्हणाली असती, मेल्या, मी काय गणिताचा पेपर दिलाय? निवडीच्या दिवशी तिने डोळे मिटून काकू आठवली, कमरेवर एक हात ठेवला, 'आई गं' म्हणून अशी काही खाली बसली की एक परीक्षक पाणी आणायला धावला.

पण अती तिथे माती. गेल्या आठवड्यात इन्चार्जबाईंनी तिला बाजूला घेऊन सुनावलं होतं की तुम्हाला पोटदुखी आहे, प्रसूती नाही. आज तर परीक्षाच होती. ठरलेल्याबाहेर एक अक्षर बोललात तर पुन्हा बोलावणार नाही, असं बाईंनी सकाळीच बजावलं, आणि सगळं पुन्हा एकदा पढवलं. दुखणं उजवीकडे. रात्री वाढतं. विद्यार्थ्याने 'काही काळजी वाटते का' असं विचारलं तर 'नाही, ठीक आहे' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारेल त्यालाच सांगायचं, की आईला याच दुखण्याने नेलं, म्हणून भीती वाटते.

घंटा झाली. पहिला आला तो आल्या आल्या तिला गर्भार आहात का विचारून स्वतःच कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्याचे हात इतके गार, की तिची किंकाळी अगदी खरी निघाली आणि पलीकडे खोकल्याची लय चुकली. तिसरा इतकं गोड बोलला, की पोटाला हात लावायचाच राहून गेला. घंटा झाल्यावर दारातून परत येऊन त्याने लांबूनच तिच्या पोटाकडे एकदा हळहळून पाहिलं. प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारला — काही काळजी वाटते का? — नाही, ठीक आहे — आणि प्रत्येकाने सुटकेचा श्वास सोडला. परीक्षेतला एक प्रश्न मार्गी लागला, याचा श्वास.

तो श्वास तिच्या ओळखीचा वाटला. कुठला बरं... छताकडे बघत, पोट उघडं टाकून ती आठवत राहिली. सोनोग्राफीच्या गार जेलीसारखं काहीतरी मनातून सरकत गेलं — रविवार, गॅसवर भात, कानाशी फोन, आणि काकू म्हणतेय, 'काही नाही गं, बरी आहे.' आणि भात ढवळता ढवळता आपण सोडलेला श्वास. चला, आज लवकर सुटलो! एरवी काकूचा फोन म्हणजे नुसतं 'हं... हं...' करत अख्खी भाजी चिरून व्हायची. गेले दोन-तीन रविवार भाजी अर्धीही होत नव्हती. काकूचा मुलगा, दादा, तर खुशीत होता. आईला ध्यानाच्या वर्गाला घातली, त्याचा गुण, म्हणाला. घर कसं शांत झालंय. काकू आणि बरी? जिने दादाच्या लग्नात अक्षता हातात धरून व्याह्यांना आपल्या टाचेचं दुखणं समजावलं होतं, ती?

पुढची मुलगी कधी आत आली ते तिला कळलंच नाही. ठेंगणी, खिशाला शाईचा डाग. तिने पोट तपासलं, उजवीकडे दाबलं, सगळं रीतसर केलं, मग काही काळजी वाटते का विचारलं.

"नाही, ठीक आहे."

मुलीने श्वास सोडला नाही. स्टूल ओढून ती खाली बसली.

"नक्की?"

आता आईला याच दुखण्याने नेलं, असं म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. तोंडातून निघालं ते मराठी, "काकू बोलेनाशी झालीय."

मुलीने समजल्यासारखी मान हलवली, मग प्रामाणिकपणे सांगितलं की तिला कळलं नाही, परत सांगाल का. आणि मग ही त्यांच्या भाषेत, मागचं पुढे नि पुढचं मागे करत, सांगत सुटली — की आमच्या घरात एक बाई आहे, तिला सगळीकडे दुखायचं, आणि आता ती कुठे दुखतं ते सांगत नाही, आणि आम्हा सगळ्यांना त्याचं बरं वाटलं. मुलगी लिहीत होती. घंटा झाली तेव्हा उलट्या बाजूने तिने वाचलं : घराण्यातला आजार — काकू. लक्षण — गप्प.

परीक्षा संपल्यावर इन्चार्जबाई आल्या. आई होती ती, काकू कुठून आली, एवढंच त्यांनी विचारलं. ती गाउन सावरत उठून उभी राहिली. बाईंनी तिच्या पाठीमागे जाऊन ती मधली नाडी ओढून काढली आणि सोडवली. "बघते," त्या म्हणाल्या, "कळवते." त्या 'कळवते'चा अर्थ काय घ्यायचा, पुढच्या महिन्याचं भाडं कुठून... कपडे बदलताना हे विचार येत होते, पण रांगेत मागे उभे असल्यासारखे. बाहेर खोकला भेटला. आज चांगलं दुखलं तुम्हाला, असं त्याने कौतुकाने सांगितलं.

मातीच्या तासाला अजून वेळ होता. जिन्याच्या पायरीवर बसून तिने फोन लावला. तिकडे दिवेलागण होऊन गेली असणार. मागे टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.

काकू म्हणाली, "बरी आहे गं. तू जेवलीस का?"

जेवले, असं तिने सांगून टाकलं. मग घसा खाकरला. एवढं सोपं होतं, शाईच्या डागाच्या मुलीला जमलं होतं.

"काकू, नक्की?"

"नक्की म्हणजे? दोनदा काय विचारतेस?"

तिने फोन कानाशी दाबून धरला. मग तिकडे टीव्ही बंद झाला. चपला फरफटत गेल्या, दार लोटल्याचा आवाज आला, कडी लागली, पलंग करकरला. आता पुढे काय म्हणायचं ते कुणीच पढवलेलं नव्हतं. शेजारून पोरं धडधडत वर्गाकडे जात होती, कुणाची तरी पिशवी तिच्या खांद्याला लागली, तिने अंग चोरून भिंतीशी जागा केली. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. आणि तरीही कितीतरी दिवसांनी तिला कुठेच जायची घाई नव्हती.

"हं, सांग," ती म्हणाली.