एकतीस डिसेंबरच्या आत

अणदूरचे कल्याणप्पा गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं होतं. आसपासच्या निवृत्त शिक्षकांची आयकराची विवरणपत्रं ते भरून द्यायचे. जून लागला की ओसरीवर सतरंजी पडायची, पेन्शनचे कागद, बँकेची पुस्तकं घेऊन माणसं यायची. गुरुजी निळ्या शाईनं, एकही खोडाखोड न करता अर्ज भरायचे आणि सगळा गठ्ठा घेऊन एसटीनं धाराशिवच्या कचेरीत जायचे. पैसे घेत नसत. फार तर कुणी पायलीभर शेंगा ठेवून जायचं.

पुढं कागदाचे अर्ज बंद झाले. ऐंशी वर्षांवरच्यांना तेवढी सवलत राहिली. बाकीचे लोक धाराशिवात स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देणारं एक दुकान होतं, तिथं जाऊ लागले. गुरुजींना ब्याऐंशीवं लागलेलं, त्यामुळं ते कागदावरच राहिले. ओसरीवर सतरंजी पडायची बंद झाली. गुरुजी याबद्दल बोलत नसत, पण जून आला की चिडचिडे व्हायचे, एवढं त्यांच्या बायकोला, लक्ष्मम्माला, कळत होतं.

मागच्या डिसेंबरात, सव्वीस तारखेला, विठाबाई आल्या. त्या गुरुजींच्या हाताखाली शिकवून निवृत्त झालेल्या. एरवी दारातूनच हाक मारणाऱ्या. त्या दिवशी मुकाट्यानं येऊन बसल्या आणि फोन पुढं केला.

"गुरुजी, हे वाचा. म्या चोरी केली म्हणतेत."

आयकर खात्याचा निरोप होता. तुम्ही दाखवलेली देणगी तपासून पाहा, चूक असेल तर एकतीस डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरा.

"कसली देणगी?"

"मला काय ठावं? त्या दुकानवाल्यानं भरलं सगळं. एकतीस हजार दोनशे परत आले खात्यावर. म्हणला, सरकारनं नवीन सवलत काढलीय, सगळ्यांनाच मिळायलीय. त्यातले सहा हजार त्यानं घेतले. आता फोन लावतेय तर बंद." विठाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या लक्ष्मम्माकडं वळल्या. "चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, अक्का. आन् दीड लाखाची देणगी दिली म्हणून माझ्या नावावर लिहून ठेवलंय. त्या संस्थेचं नावसुदिक म्या ऐकलं न्हाय."

लक्ष्मम्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. गुरुजींनी फोन डोळ्यांजवळ धरून निरोप परत वाचला.

"हिशोब मी करून देतो," ते म्हणाले. "पण हे आता ऑनलाइन भरावं लागतं. मला ते येत न्हाय, विठाबाई."

"तुम्हाला कर येतो," लक्ष्मम्मा म्हणाली. "फोनचं मला येतं. दोन वर्षं झाली, लाइटबिल, गॅस कोण भरतंय घरात? दोघं मिळून बघू की."

मुलानं, राजशेखरनं, पुण्याहून एक जुना लॅपटॉप आणून ठेवला होता. लक्ष्मम्मा त्यावर प्रवचनं ऐकायची. शनिवारी सकाळी तो सतरंजीवर मांडला. लक्ष्मम्मानं फोनवरून नेट जोडून दिलं. पासवर्ड दुकानवाल्यानं ठेवलेला. तो बदलायला आधारला जोडलेल्या विठाबाईंच्या फोनवर ओटीपीचा आकडा आला, तो घातला आणि नवीन पासवर्ड झाला. "हा तुमचा. आता कुणाला सांगू नका. मलाबी न्हाय," गुरुजींनी बजावलं.

इथवर नीट झालं. पुढं मात्र गुरुजींचा स्वभाव आडवा आला. सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायची, ही त्यांची जन्माची सवय. पडद्यावरची एकेक ओळ ते बोट ठेवून वाचू लागले. वाचता वाचता पान आपोआप बंद झालं. परत उघडलं, परत बंद. तिसऱ्यांदा भरलेले आकडेही गेले.

गुरुजींनी चष्मा काढला. "ह्याला माणसाच्या वाचण्याचा धीर न्हाय. मला न्हाय जमायचं हे."

विठाबाईंचा चेहरा उतरला. लक्ष्मम्मा मात्र हसली. "अहो, परीक्षेत नुसता पेपर वाचत बसलं तर घंटा होणारच. तुम्हीच पोरांना सांगत होता ना, आधी कच्चं करा, मग पक्कं लिहा म्हणून?"

गुरुजी उठले. आत गेले आणि पेटीतून जुन्या कोऱ्या अर्जांची चळत घेऊन आले. दुपारभर बसून त्यांनी विठाबाईंचं सगळं विवरणपत्र निळ्या शाईत उतरवलं. पेन्शन, नवऱ्यामागची पेन्शन, ठेवीचं व्याज. देणगीच्या रकान्यात ठळक शून्य. मग तो कागद शेजारी ठेवून लक्ष्मम्मा आकडे वाचत गेली आणि गुरुजी एका बोटानं टाइप करत गेले. पान बंद व्हायच्या आत सगळं भरून झालं. भरायची रक्कम खाली दिसली: व्याजासकट बत्तीस हजार चारशे दहा. कागदावरही तोच आकडा होता.

"जुळला!" गुरुजी असे ओरडले की रस्त्यानं जाणारा माणूस थबकला.

आता पैसे कसे भरायचे, ते विचारणारी यादी समोर आली. नेट बँकिंग, डेबिट कार्ड, यूपीआय, बँकेची खिडकी.

"यूपीआयनं एका मिनिटात होतंय," लक्ष्मम्मा म्हणाली.

विठाबाईंनी मान हलवली. "नको अक्का. एकदा पोळलंय. मला खिडकीत माणसाला पैसे द्यायचेत आन् शिक्का घ्यायचाय."

"पण मुदत..." गुरुजी बोलू लागले. लक्ष्मम्मानं त्यांना हातानं थांबवलं. "पैसे बाईंचे. कसे भरायचे ते त्याच ठरवतील."

बँकेच्या खिडकीवर दाबलं, चलन निघालं. शनिवारी, रविवारी बँक बंद. सोमवारी विठाबाई चलन आणि चेक घेऊन सकाळीच बँकेत जाऊन उभ्या राहिल्या. अकरा वाजता परत आल्या, त्या तणतणतच.

"यंत्रणा बंद हाय म्हणं. उद्या या, न्हाय तर परवा. परवा तर एकतीस!"

गुरुजी घाबरले. पण विठाबाई रडल्या नाहीत. सतरंजीवर मांडी घातली, चष्म्याच्या डबीतून एटीएमचं कार्ड काढलं आणि लॅपटॉपपुढं ठेवलं.

"खिडकी बंद तर बंद. कार्डानं भरू. पण आकडे म्या घालणार. तुम्ही दोघांनी हात लावायचा न्हाय."

जुनं चलन सोडून नवं काढलं. विठाबाईंनी कार्डावरचे सोळा आकडे एकेक करून, मोठ्यानं म्हणत घातले. फोनवर आलेला आकडा त्यांनी दोनदा ताडून पाहिला. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि दाबलं.

चाक फिरत राहिलं. मग हिरवी खूण आली आणि खाली पावतीचा नंबर.

गुरुजींनी तो नंबर विवरणपत्रात घातला. एकदा, आणि एकदाच, सगळं वाचलं. सादर केलं. आधारचा ओटीपी घालून पडताळणी केली. पोच आली, तारीख एकोणतीस डिसेंबर.

"झालं?" विठाबाईंनी विचारलं.

"झालं. आता तुम्हाला कुणी चोर म्हणू शकत न्हाय."

विठाबाई उठल्या आणि गुरुजींच्या पाया पडल्या. मग लक्ष्मम्माच्या पडायला वळल्या, तर तिनं त्यांना उरापाशी धरलं. दोघी हसत होत्या आणि रडतही होत्या.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली. मंगळवारी सकाळी श्रीमंत नावाचे निवृत्त मास्तर तोच निरोप घेऊन ओसरीवर हजर. त्यांच्या मागं सोमलिंग, त्यांच्या मागं आणखी दोघं. सगळ्यांची विवरणपत्रं त्याच दुकानातली, सगळ्यांच्या नावावर न दिलेल्या देणग्या. गुरुजी कच्चं करत होते, लक्ष्मम्मा त्यावरून पक्कं भरून घेत होती. पैसे भरायचं काम तिच्याकडं. "कार्ड का यूपीआय?" ती प्रत्येकाला विचारायची आणि विठाबाई शेजारी बसून अनुभवी माणसासारखं सांगायच्या, "घाबरू नका हो मास्तर, आकडा दोनदा बघा आन् दाबा." श्रीमंत मास्तरांनी नेट बँकिंग घेतलं. सोमलिंगनी यूपीआय. एकतीस तारखेला दुपारी चार वाजता पाचवी पोच निघाली. त्या पाचही जणांनी मिळून, सह्या करून, दुकानवाल्याविरुद्ध लेखी तक्रार टपालानं पाठवली. तक्रारीचं अक्षर अर्थात गुरुजींचं होतं.

सगळे गेल्यावर गुरुजींनी स्वतःचा पॅन नंबर घालून नवीन खातं उघडायला घेतलं.

"तुम्हाला तर कागद चालतो की," लक्ष्मम्मा म्हणाली.

"चालतो. पण लोकांना एक सांगायचं आन् आपण दुसरं करायचं, हे बरं न्हाय."

यंदाच्या जूनमध्ये सतरंजीवर अठरा माणसं बसली होती. गुरुजींनी पहिलं विवरणपत्र स्वतःचं भरलं. एक हजार आठशे चाळीस रुपये भरायचे निघाले. लक्ष्मम्मानं आपला फोन पुढं केला, पडद्यावरच्या क्यूआर कोडच्या चौकोनावर धरायला शिकवलं आणि तिच्या खात्यातून यूपीआयनं पैसे भरून दिले. बायकोच्या पैशानं कर भरणारा मुख्याध्यापक म्हणून सोमलिंगनी लगेच चेष्टा केली. गुरुजी त्यांच्यापेक्षा जोरात हसले.

दुपारी लक्ष्मम्मानं अठरा जणांना पुरेल एवढी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, केली होती. वर तुपाची धार. गुरुजींनी दोनदा वाढून घेतली आणि हात धुऊन पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.