भीमसिंगचा अंगठा आणि माझे आकडे

मी शुगर मोजायचं मशीन बोलतोय. आवाज माझा बारीक, नुसता 'टी' एवढाच, पण तो ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. परीक्षेच्या निकालाला माणसं एवढी घाबरत नसतील.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते वणीचं औषधाचं दुकान. तिथून संगीतानं मला उचललं आणि कोळशाच्या रस्त्यालगतच्या त्यांच्या तांड्यावर आणलं, सासऱ्यासाठी. सासरा म्हणजे भीमसिंग. जन्मभर कोळशाचा ट्रक हाकला, आता घरी बसलाय आणि तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, आहे. होळीला लेंगीच्या गाण्यांवरचा नाच सुरू करायचा तर पहिला पाय याचाच पडणार.

त्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. चप्पल चावत होती आणि या बाबाला पत्ताच नाही! पायाची जाणीवच गेलेली. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि स्पष्ट सांगितलं, "शुगर अशीच खाली-वर नाचत राहिली, तर अंगठा काढावा लागेल." होळीला काही महिनेच उरले होते. नाचणार कोण, शुगर की भीमसिंग, एवढाच काय तो प्रश्न.

भीमसिंगला हे पटेल तर शपथ. "आमचे बापदादे बैलाइवर नून लादून मुलूख फिरले," तो मला हातात धरून सुनावायचा. "लदेणी म्हनत त्याले. आमच्या रगतात नून हाये, साखर येईन कुठून?"

अहो नायक, बापदादे मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांच्या मागं चालत होते. तुम्ही बाजेवरून टीव्हीपर्यंत जाता, तेही रिमोट सापडला नाही तर! पण खरं सांगायचं तर चालणार तरी कुठं? दाराबाहेर पाऊल टाकलं की कोळशाचे ट्रक. सकाळी घातलेली पांढरी बंडी दुपारी काळी. त्या रस्त्यावर फिरायला निघाला, तर शुगरच्या आधी ट्रकच न्यायचा. आणि पत्र्याच्या घरात दुपारी माझ्या पट्ट्यासुद्धा भाजून निघतात, तिथं माणसाचं काय घेऊन बसलात!

त्यात पाहुणचार. एका घरचा चहा घेतला आणि शेजारचा नाकारला, तर वर्षभर अबोला. शेजारी उकंडा नावाचा गडी राहायचा, तो तर कपातच साखरेचा डोंगर करायचा. "फिक्का च्या मयतीच्या घरी पेतेत, बाप्पा. घ्या, एक चम्मच तं होय!"

डॉक्टरांची तारीख जवळ आली की मात्र याच घरात संन्यास. कारल्याचा रस, अर्धी भाकर, बिनसाखरेचा चहा. आकडा बिचारा खाली यायचा. डॉक्टर खूश, भीमसिंग त्याहून खूश, आणि परतीच्या वाटेवर वणीच्या स्टँडवर पावशेर जिलबी. "आज तं नॉर्मल आली ना!" संध्याकाळी माझा आकडा बघून म्हणायचा, "मशीन बोगस हाये."

या सगळ्यावर पहारा मोतीबाईचा, म्हणजे बायकोचा. नवऱ्याच्या ताटातला लाडू झडप घालून उचलायची. मग तो लाडू, उरलेला शिरा, उकंडाकडून आलेला तो गोड चहा जायचा कुठं? "टाकाव कायले?" म्हणत तिच्याच पोटात. तांडाभर माणसं माझ्यापुढं बोट करून गेली, मोतीबाई सोडून. संगीता एकदा म्हणाली, "मामीजी, तुमचीबी पाहू." मोतीबाई फणकारली, "मले काय धाड भरली? मी तं दिवसभर राबतो."

आणि मग आला याडीच्या भोगाचा दिवस. याडी म्हणजे आई, तांड्याची देवी. कढईभर लापसी शिजली, गहू, गूळ आणि तूप. ती हातानं कालवून विस्तवावर घास सोडायचा मान नायकाचा, आणि भोग लागेपर्यंत नायकाला उपास. मोतीबाईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "एक दाना तोंडात टाकसान तं माई शपथ हाये तुमाले!"

आणि नवल बघा, भीमसिंगनं खरंच नाही खाल्ली. कोपरापर्यंत लापसीत हात, समोर तुपाचा वास, पण बोटसुद्धा चाटलं नाही. हात धोतराला पुसले. चाटलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी माझ्यावर आली!

कारण मोतीबाईचा विश्वास कुठला बसायला? भोग लागायच्या आधीच त्याला घरात ओढून तिनं बोट टोचलं. थेंब माझ्या पट्टीवर आला. मी मोजलं, चारशे साठ.

"खाल्ली ना!"

"नाही वं, याडीची शपथ!"

"मंग मशीन खोटं बोलते काय?"

वा! इतके महिने मी खरं सांगत होतो तेव्हा बोगस, आणि आज माझ्या शब्दावर फाशी! बोटाला गूळ चिकटलेला होता, तो थेंबात उतरला. मला थेंब दिला, मी थेंबातलं सांगितलं. गूळ पोटातला की बोटावरचा, ही चौकशी करायला मला तोंड असतं, तर मीच नायक झालो नसतो का?

मोतीबाईनं इन्सुलिन दुप्पट टोचलं. डॉक्टरांच्या मापानं नाही, रागाच्या मापानं. आणि माणसाच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही.

तासाभरानं बाहेर डफ वाजायला लागला. भोग लागायचाच होता, तोवर भीमसिंगचे हात थरथरायला लागले. घामानं बंडी भिजली. डोळे फिरले, जीभ जड झाली. उकंडा ओरडला, "याडी आली! नायकाच्या आंगात याडी आली!"

झालं! कुणी कुंकू लावलं, कुणी हार घातला, कुणी हातापायांवर तांब्याभर पाणी ओतलं. एका म्हातारीनं विचारलं, "माया पोराचं लगन कवा जमन, माय?" भीमसिंग कसाबसा पुटपुटला, "अंधारी येऊन राह्यली..." लगेच अर्थ निघाला, अमावस्या झाल्यावर जमेल! मोतीबाईसुद्धा पदर पसरून पाया पडली.

धावली ती संगीता. मला घेऊन आली. पाणी ओतून ओतून हात आपोआप धुतलेले, तेवढी याडीची कृपाच म्हणायची. थेंब पडला. बेचाळीस. माझ्याच आकड्याची मला भीती वाटली.

"मामीजी, आंगात याडी नोहोय! शुगर उतरली! गुळाचं पानी आना!"

"भोगाच्या आंधी नायकाच्या तोंडात गूळ?" उकंडा आडवा आला.

मोतीबाई क्षणभर थबकली. मग उठली, उकंडाला बाजूला सारलं. "सरक तिकडं. याडीले मी पाहून घेईन, मायच होय ते." आणि ज्या हातानं लाडू हिसकावले, त्याच हातानं तिनं गुळाच्या पाण्याचा पेला नवऱ्याच्या तोंडाला लावला. घोट घोट पाजला. हळूहळू त्याची थरथर थांबली. डोळे उघडून भीमसिंग पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"मोती, म्या खाल्ली नोहोती वं."

ती ढसाढसा रडली. मलाही रडता आलं असतं तर रडलो असतो.

तेव्हापासून माझ्या खुंटीखाली पाण्याची बादली आणि साबण असतो. सुईचं माप डॉक्टरांचं, रागाचं नाही. ट्रकचा रस्ता सोडून भीमसिंग मागच्या नाल्याकाठानं, पायात बूट घालून चालायला लागला. उकंडा फिक्का चहा देतो, तोंड मात्र मयतीसारखंच करतो.

अंगठा वाचला. होळीला डॉक्टरांनी बूट घालून दोन फेरे नाचायची परवानगी दिली, तो पाच नाचला. घरी आला, हात धुतले, बोट पुढं केलं. एकशे छत्तीस.

मोतीबाई म्हणाली, "मशीन बिघडलं वाटते." खात्री करायला तिनं हात धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बोट टोचलं.

दोनशे शहाऐंशी.

पुन्हा साबण लावला, पुन्हा टोचलं. दोनशे चौऱ्याऐंशी. एवढ्या वर्षांचे उचललेले लाडू हिशेबाला आले होते.

आता माझी काच खरचटली आहे, बटणात कोळशाची धूळ बसली आहे. फार दिवस काढेन असं वाटत नाही. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, हात धुवून माझ्याकडं या, आणि दुसऱ्याचं बोट टोचता तसं कधी आपलंही टोचा.

त्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसिंगनं संगीताचे बूट आणून मोतीबाईच्या पायाशी ठेवले. ती म्हणाली, "लोक हासतीन."

"हासू दे," तो म्हणाला. "चाल मोती, लदेणीले निंगू."