धुराड्याची एक दिवसाची सुट्टी

मंत्र्यांना फोटोत मागे बिनधुराचं धुराडं हवं होतं. म्हणून कोळशावरच्या वीजकेंद्राचा बॉयलर आदल्या दिवशीच विझवायचा हुकूम आला. बावीस वर्षं ती भट्टी सांभाळणाऱ्या बॉयलरवाल्याची धाकटी लेक दमेकरी, आणि घर केंद्राच्या कुंपणाला लागूनच.

"साहेब, ही काय घरची शेगडी आहे, बटण फिरवलं की बंद?" तो इंजिनिअरसाहेबांना म्हणाला. "थंड बॉयलर परत पेटवायचा म्हणजे आठ तास नुसतं तेल जाळायचं. महिन्याचा धूर एका दिवसात निघेल."

"फोटो झाल्यावरच निघेल ना? मग झालं तर."

ज्यांच्या हाती काडेपेटी देऊ नये, त्यांच्या हाती देशाची वीज.

दुसऱ्या दिवशी मांडवात मंत्री उभे राहिले. "हे धुराडं आजपासून कायमचं बंद. आम्ही शब्द पाळतो." खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ते यांच्याकडून शिकावं. केंद्र दहा वर्षं चालवायची मुदतवाढ यांच्याच सहीने आठवड्यापूर्वी आली होती. बॉयलरवाल्याने कागद स्वतः वाचला होता. लाऊडस्पीकर मांडवामागच्या डिझेल जनरेटरवर धडधडत होता. टाळ्या मात्र साहेबांनीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मंत्र्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच साहेब म्हणाले, "पेटवा."

त्याने आधी घरी फोन लावला.

"अहो, आभाळ पाहिलंत का आज?" बायको म्हणाली. "पोरीला अंगणात सोडलीय. तास झाला, एकदाही खोकली नाही."

"आत घे तिला. दारंखिडक्या लावून घे."

"का म्हणून? मंत्री आत्ताच मोबाइलवर सांगत होते, कायमचं बंद. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं वाटतं?"

"हो. पेटवणारा मीच आहे."

 मग ती हळूच म्हणाली, "जरा उशिरा पेटवा. पळतेय हो ती."

साहेब घड्याळ बघत उभे होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्याशी खोटं बोलला: तेलाची नळी तुंबलीय, अर्धा तास लागेल. साहेब चरफडत खुर्चीत बसले. अर्धा तास भरला, तशी त्याने स्वतःच्या हाताने भट्टी पेटवली.