आठ अंडी आणि चहाचं गाळणं

साल एकोणीसशे एकाहत्तर. त्याच साली म्हाताऱ्या घड्याळजींच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला, दुकानाला कुलूप लागलं आणि त्यांच्या विधवा सुनेला कळून चुकलं की आता घर आपल्याच हातांवर चालणार.

ती मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं मदतनीस होती. मुख्य स्वयंपाकीण निवृत्त झाली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी समितीच्या आठ जणांचं जेवण तू कर, जमलं तर स्वयंपाकघर तुझं. जाता जाता पुस्ती जोडली, की सुरुवातीला पोच केलेली, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेली अंडी हवीत, पिवळं वाहतं.

सुनेनं असलं अंडं जन्मात केलं नव्हतं. पहिलंच तिनं खळखळत्या पाण्यात फोडलं, तर पातेलंभर चिंध्या.

"हे अंडं की पिंजलेला कापूस?" सासरे म्हणाले.

"दिसत नाही म्हणता, मामंजी, आणि हे बरं दिसतं."

"दुसऱ्याच्या चुका बघायला एक डोळा पुरतो, सूनबाई."

शेजारीण म्हणाली व्हिनेगर घाल. आकार आला, पण तोंड आंबट झालं. मग पळीनं पाण्यात भोवरा करून पाहिला. एक अंडं झकास झालं, पण आठांना आठ भोवरे कुठून आणायचे? फसलेली अंडी दोघं तिन्ही त्रिकाळ खात होती. आता मला पिसं फुटतील, असं सासरे म्हणू लागले.

गुरुवारी मात्र त्यांनाच राहवेना. डाव्या डोळ्यात भिंग बसवून त्यांनी बशीत फोडलेलं अंडं न्याहाळलं. पांढरं दोन तऱ्हेचं होतं. एक घट्ट, पिवळ्याला धरून बसलेलं, आणि दुसरं पाण्यासारखं, बशीभर पळणारं. चिंध्या होतात त्या या पळपुट्याच्या. सुनेनं चहाचं गाळणं आणलं, पळपुटं गळू दिलं, उरलेलं अंडं उकळी न फुटलेल्या पाण्यात अलगद सोडलं. घड्याळजींनी तीन मिनिटं मोजली. अंडं उशीसारखं गुबगुबीत वर आलं.

"पण आठ एकदम कशी करू?"

"मी आठ घड्याळं एकदम जोडायचो का? भाग धुऊन झाकून ठेवायचो. गिऱ्हाईक दारात आलं की जोडणी."

रविवारी चार वाजता तिनं आठही अंडी करून बर्फाच्या पाण्यात ठेवली. पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. तिनं अंडी मिनिटभर गरम पाण्यात बुडवून काढली आणि वाढली. अध्यक्षबाईंनी चमचा टेकवला, पिवळं वाहिलं.

"केव्हा केलीस?"

आत्ताच, हे जिभेवर आलं होतं. पण खोटं तिला पेलवेना. "चार वाजता."

अध्यक्षबाईंनी चमचा खाली ठेवला.

"आणि आम्ही आलोच नसतो तर?"

"मामंजींनी आणि मी खाल्ली असती. आठवडाभर तेच चाललंय."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. ताट तसंच ठेवून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "कशात ठेवली होतीस, दाखव." बर्फाच्या पाण्यात बोट घालून पाहिलं, गाळणं उलटंसुलटं केलं. साठ मुलींना एका वेळी गरम कसं वाढणार, हे त्या विचारणारच होत्या. आता विचारावं लागलं नाही. सोमवारी कोठीच्या किल्ल्या सुनेकडे आल्या.

तिनं ते स्वयंपाकघर बावीस वर्षं सांभाळलं. घड्याळजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसूही लागलं. पुढे नऊ वर्षं जगले, पण अंड्याला पुन्हा शिवले नाहीत. अध्यक्षबाई म्हातारपणी एकट्या राहायच्या. दर रविवारी स्वतःपुरतं एक अंडं करायच्या आणि आधी सुनेला फोन लावायच्या, "किती मिनिटं गं?" त्यांना माहीत असायचं. तरी ती दर वेळी सांगायची, तीन.