एकच दोर, एकच बाल्टी

वादळ आलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. दोन हजार अकराचा मे महिना. कुसुमटोल्यात उन्हाळी धानाची कापणी चालू होती आणि सुमनबाई बांधावर पाणी प्यायला बसली होती. आभाळ आधी पिवळं झालं, मग तपकिरी, आणि मग काही दिसेनासंच झालं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. बौद्ध मोहल्ल्यातल्या विहाराचे टिनाचे पत्रे उडून शेतात पडले, मोहाची दोन जुनी झाडं रस्त्यावर आडवी झाली आणि गोरेगावकडून गावात येणारे विजेचे खांब एकामागोमाग एक लवंडले. नंतर मोजले तर सव्वीस भरले. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, नालीत तोंड खुपसून पडली होती. माणूस कोणी गेलं नाही, एक म्हैस तेवढी गेली.

सुमनबाईचा नवरा भैयालाल ग्रामपंचायतीचा नळ कामगार होता. सकाळी पंप चालू करायचा, टाकी भरायची, व्हॉल्व्ह फिरवून आधी एका मोहल्ल्याला आणि मग दुसऱ्याला पाणी सोडायचं, हे काम तो चौदा वर्षं करत होता. वादळाच्या दुसऱ्या दिवशी टाकीत उरलेलं पाणी त्याने सगळ्यांना थोडं थोडं सोडलं. तिसऱ्या दिवशी नळाला नुसती हवा आली.

त्या सकाळी तो दात घासत होता तर दारात दहा-बारा माणसं उभी.

"भैयालाल, नळ काऊन नाई सोडला?"

"लाईन नाई तर पंप कायनं चालवू? तोंडानं फुकू का?"

"मंग जा ना ऑफिसात. बसून काऊन राहिला?"

तो बसून राहिलेला नव्हता. आदल्या दिवशीच सायकलने गोरेगावला जाऊन आला होता, आडव्या झाडांवरून सायकल उचलून नेत. तरी पुन्हा गेला. वीज ऑफिसातल्या साहेबाचे डोळे तांबडे झाले होते. तोही तीन दिवस झोपला नसावा. साठ गावं अंधारात होती. आधी मोठी लाईन, मग दवाखाने, मग गोरेगाव, मग खेडी. "पंधरा दिवस धरून चाला," साहेब म्हणाला, "आणि माझ्यावर रागावू नका. खांबच नाहीत माझ्याकडे."

भैयालालने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुमनबाई चुलीपुढे बसली होती. तिने फक्त पाण्याचा रिकामा गुंड, म्हणजे हंडा, हलवून पाहिला.

गावात दोन बोअरिंग होते. एकाचा दांडा वर्षभरापासून तुटलेला, दुसऱ्याचं पाणी गंजासारखं लाल. भात शिजवला तर भातही लाल व्हायचा. गावातली मोठी विहीर नळ आल्यावर बुजवली होती आणि तिच्यावर पंचायतीने सभेसाठी ओटा बांधला होता. मग राहिली बौद्ध मोहल्ल्यातली विहीर. सत्तावन्न साली, धम्म घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, मोहल्ल्यातल्या माणसांनी ती स्वतः खोदली होती, कारण गावातल्या विहिरीवर त्यांना चढू देत नव्हते. नळ आल्यापासून तिच्याकडे कोणी वळलं नव्हतं. आत प्लास्टिक, पाला, फुटकी चप्पल, एक मेलेली घूस.

भैयालाल आणि मोहल्ल्यातली चार माणसं विहिरीत उतरली. तीन दिवस गाळ निघत होता. सुमनबाई आणि इतर बाया काठावरून घमेली ओढत होत्या. ऊन असं की दोर हाताला चटका द्यायचा. दुसऱ्या दिवशीच तिचा उजवा खांदा भरून आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाशी एका कपारीतून पाणी झिरपायला लागलं, आधी मातकट, मग हळूहळू निवळ. भैयालालने खालून ओंजळभर पिऊन पाहिलं. वर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काळा झाला होता.

"गोड आहे," एवढंच म्हणाला आणि तिथेच काठाला टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुमनबाई विहिरीवर गेली तर निंबाच्या झाडाखाली शामकलाबाई उभी होती. पंचायत सदस्य चैतरामची बायको. तिच्या शेतात सुमनबाई गेली वीस वर्षं परहा लावायला जात होती, म्हणजे धानाची रोवणी करायला. शामकलाबाईच्या हातात दोन रिकामे गुंड होते आणि ती विहिरीपासून चांगली दहा पावलं दूर थांबली होती.

"सुमन, पानी मिळंल का वं?"

 चाळीस वर्षांपूर्वी सुमनबाई लग्न होऊन या गावात आली त्या वर्षी मोहल्ल्याची विहीर आटली होती, आणि गावातल्या विहिरीपाशी ती अशीच, एवढ्याच अंतरावर उभी राहायची. वरून कोणी तरी ओतायचं. शामकलाबाईची सासू ओतायची तेव्हा अर्धं पाणी मातीत जायचं आणि ती म्हणायची, "सांडू दे, तुमाले काय, दिवसभर रिकाम्याच तर आहा." हे सगळं सुमनबाईला आठवलं. पण शामकलाबाईच्या ओठांवर साल निघाली होती आणि ते समोर दिसत होतं.

"भर ना," ती म्हणाली. "विचारून कायले राहिली?"

त्या दिवशी सात-आठ घरं आली. तिसऱ्या दिवशी साठ बाया रांगेत होत्या. रात्रीतून विहिरीत दोन हात पाणी साचायचं आणि नऊ वाजेपर्यंत तळ दिसायचा. मग घरटी तीन गुंड, असं ठरलं. ठरवलं सुमनबाईने, कारण दुसरं कोणी पहाटे चारला उठून तिथे उभं राहायला तयार नव्हतं. ती काठावर बसून सगळ्यांच्या शिव्या खायची. घरी जाऊन भाकरी टाकायची, आणि उरलं धान कापायला शेतात जायची. भैयालाल रोज गोरेगावला. वादळाच्या चौथ्या दिवशीच तिथे लाईन आली होती, म्हणून गावातले अकरा-बारा मोबाईल थैलीत घालून न्यायचा, एका दुकानात चार्जिंगला लावायचा आणि ऑफिसात जाऊन खांबांचं विचारायचा. परत आला की दोघं समोरासमोर बसून जेवायची. 

गोष्ट बिघडली ती वादळाच्या दहाव्या दिवशी. शामकलाबाई सून डिंपलला घेऊन आली आणि पदराखालून स्वतःचा नवा दोर आणि पितळेची बाल्टी काढली. आधी तिने एक लोटा पाणी घेऊन काठावर ओतलं, कप्पीवर ओतलं, आणि मग आपला दोर लावायला लागली.

रांगेतल्या बाया पुढे सरकून पाहायला लागल्या.

"हे कायले?" सुमनबाईने विचारलं.

"पूजेचं पानी लागते ना घरी. म्हणून वेगळी बाल्टी. दुसरं काई नाई."

"आन् काठ काऊन धुवून राहिली?"

शामकलाबाई दोराची गाठ मारत राहिली. डिंपल खाली पाहत होती. तिला सातवा महिना होता.

सुमनबाई उठली. तिला मोठ्याने बोलायचं होतं. चाळीस वर्षांचं बोलायचं होतं. पण तेवढा दम नव्हता. खांदा ठणकत होता आणि डोळ्यांत झोपेची रेती भरली होती.

"शामकलाबाई," ती म्हणाली, "तू काठावर ओतलं ते एका लेकराच्या तोंडचं पानी होतं. या विहिरीवर एकच दोर आन् एकच बाल्टी. ज्याले पाह्यजे त्यानं त्याच दोरानं ओढावं. नसल जमत तर नाला आहे."

"म्हंजे तू मले ना म्हणून राहिली?"

"ना कोठी म्हणून राहिली? दोर धर म्हणून राहिली."

शामकलाबाईने आपला दोर गुंडाळला. "चाल वं डिंपल," म्हणाली, आणि दोघी गेल्या. त्यांच्यामागे आणखी चार बायाही गेल्या.

नाला दीड कोस लांब. तिथे वाळूत झरा खोदून वाटीवाटीने पाणी भरावं लागायचं. मोहल्ल्यातली पोरं खूश झाली. "बरं केलं काकू, जिरली त्यांची," म्हणाली. सुमनबाईला मात्र काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. रांग चार-पाच घरांनी कमी झाली, एवढंच. तेवढं लवकर घरी जाता आलं.

दोन दिवसांनी, दुपारी, विहिरीवर कोणी नसताना डिंपल एकटी आली. पदर डोक्यावरून डोळ्यांपर्यंत ओढलेला, चेहरा लालबुंद. सुमनबाई विहिरीलगतच्या विहारात, पत्रे उडालेल्या छपराखाली जी थोडी सावली होती तिथे आडवी झाली होती. तिने डिंपलला पाहिलं आणि उठली.

"सासूनं पाठवलं?"

"नाई. त्या निजल्या आहेत. नाल्यावरून येता येता मले चक्कर आली काकू. खाली बसून गेली मी. गुंड लवंडून सगळं पानी गेलं."

"मंग आता?"

"आता हाच दोर." डिंपलने तळाशी पुन्हा झिरपलेल्या पाण्यात बाल्टी सोडली आणि ओढायला लागली. अर्ध्यावर तिचा श्वास लागला. सुमनबाईने डाव्या हाताने दोर धरला. उजवा वर जातच नव्हता. दोघींनी मिळून बाल्टी काठावर आणली. डिंपल तिथेच ओंजळीने प्यायली, पुन्हा पुन्हा, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.  सांडलेल्या पाण्याबद्दल सुमनबाई काही बोलली नाही.

"घरी काय सांगशील?"

"विचारलं तर सांगन."

ती तीन दिवस अशीच दुपारी येत राहिली. घरातले सगळे तेच पाणी पीत होते, देवाच्या तांब्यातही तेच होतं. शामकलाबाईला कळलं नसेल असं नाही. नाल्याचं पाणी गढूळ असतं आणि हे निवळ, एवढं कोणालाही कळतं. तिने सुनेला विचारलं नाही, सुनेने सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे शामकलाबाई स्वतः रांगेत उभी होती. पितळेची बाल्टी नव्हती. तिचा नंबर आला तेव्हा तिने दोर धरला आणि जोरात ओढला, सवय नसल्यामुळे तळहात सोलून घेतले. सुमनबाई काठावर बसून होती. दोघींची नजर भेटली.

"हात जपून," सुमनबाई म्हणाली.

"हो," शामकलाबाई म्हणाली. "डिंपलचं येनं बंद केलं मी. सूज आली तिच्या पायाले. आता मीच येईन."

तेवढंच. मागची बाई ओरडली, "बोलत काऊन राहिल्या वं, उन्ह चढलं!" आणि रांग पुढे सरकली.

तेराव्या दिवसापासून खांब यायला लागले होते. लाईनवाल्यांची टोळी दुसऱ्या जिल्ह्यातून आली होती, आठ माणसं, उन्हाने भाजलेली. भैयालाल त्यांच्याबरोबर दिवसभर खड्डे खोदायचा. त्यांच्या पिण्याला सुमनबाई मोहल्ल्याच्या वाट्यातून एक गुंड बाजूला ठेवायची आणि त्यावरून मोहल्ल्यातल्याच बायांशी भांडण व्हायचं. अठराव्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता गावात एकदम आरडाओरड झाली. कोणाच्या तरी घरात पंखा फिरायला लागला होता. भैयालाल पंपघराकडे धावला. मोटर सुरू झाली, मग बंद पडली, मग पुन्हा सुरू झाली. नळाला पहिला अर्धा तास चहासारखं पाणी आलं. लोक त्यावरही त्याला बोलले.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा भरली. बुजवलेल्या विहिरीवरच्या त्याच ओट्यावर, वर ताडपत्री ताणून. भैयालालने उभं राहून मागणी केली: मोहल्ल्याची विहीर पंचायतीने आणखी दहा हात खोल करावी आणि वरून जाळी टाकावी.

"कायले?" चैतराम म्हणाला. "आता तर नळ सुरू झाला ना."

काही माणसं हसली. बायांच्या घोळक्यातून कोणी तरी बोललं आणि सगळ्यांनी तिकडे मान वळवली. त्या वेळी सुमनबाई मात्र खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. सभा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हाच तिचा डोळा लागला होता, आणि शेजारच्या बाईने तिला तसंच राहू दिलं होतं.

माणसं उठून गेल्यावर भैयालालने तिला हलवलं.

"चाल, संपली सभा."

"हं? काय ठरलं?"

"जाळी टाकून देते म्हणते. पावसाच्या आधी."

"आन् खोल करनं?"

"ते पाहू म्हणते." तो तिच्या चपला शोधत होता. "शामकलाबाई बोलली सभेत."

"काय बोलली?"

"नवऱ्याले म्हणाली, तुमी तर अठरा दिवस घरात बसून पेत होते, दोर तर मी ओढला. पुढच्या वादळात कोठी जाऊ, नाल्यावर? सगळ्यांसमोर म्हणाली. चैतराम खालीच पाहत होता."

सुमनबाई त्याच्याकडे पाहत राहिली. आपण ते ऐकायला हवं होतं असं तिला वाटलं, आणि झोप पुरी झाली नाही असंही वाटलं. उठताना तिने उजवा हात खांबाला लावायचा प्रयत्न केला, मग डावा लावला.

"उद्या सकाळी नळ किती वाजता सोडता?"

"पाच वाजता. आपल्या मोहल्ल्याले सहाले."

"मंग गुंड तुमीच भरून ठेवा," ती म्हणाली. "मी घरी जाऊन निजते. मले उठवू नका."